सोपा वाटणारा पेपर

अगं, मॅनेजमेंटचा पहिला पेपर हातात पडला की सगळ्यांना एकच वाटतं: हे तर आपल्याला माहीतच आहे. नियोजन करा, कामं वाटून द्या, लक्ष ठेवा, यात शिकायचं काय? फेयॉलची चौदा तत्त्वं बारावीला ओसीत, म्हणजे वाणिज्य संघटनात, पाठ झालेली असतात, तीच पुन्हा समोर येतात. अकाउंट्सचा ताळा बसला नाही की डोळ्यांत पाणी येतं, स्टॅट्सचं सूत्र अडतं. इथे काहीच अडत नाही. मग पोरी आदल्या रात्री गाईड उघडतात आणि बऱ्या मार्कांनी सुटतात. मार्क मिळतात गं, विषय तेवढा राहून जातो.

तू परवा फोनवर विचारलंस ते मला आवडलं. ‘ताई, टेलर म्हणतो काम मोजा, मेयो म्हणतो माणसं बघा, फेयॉल म्हणतो हुकमाची साखळी पाळा. मग खरं कोण?’ हा प्रश्न पडला म्हणजे तू गाईडवाल्यांतली राहिली नाहीस. माझं उत्तर ऐक, पटलं तर घे. यातल्या प्रत्येकाला कुठली तरी एक अडचण छळत होती, आणि सिद्धांत हे त्या अडचणीवर त्याने काढलेलं उत्तर आहे. पुस्तक उत्तर देतं आणि अडचण गाळून टाकतं. म्हणून वाचताना आधी अडचण शोधायची. कुणाची होती, कुठली होती, आणि ती सुटताना भार कुणाच्या खांद्यावर गेला, हे बघायचं.

टेलरपासून धर. फ्रेडरिक विन्स्लो टेलर स्वतः कारखान्यात कामगार म्हणून राहिलेला आणि मग मुकादम झालेला माणूस. त्याला दिसत होतं की माणसं मुद्दाम हळू काम करतात. आळशी म्हणून नाही. नगावर पैसे मिळायचे, आणि कुणी जास्त नग काढले की मालक नगाचा दरच उतरवायचा. मग जास्त काम करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. टेलरला यातून वाट काढायची होती, ती त्याने घड्याळ लावून, हालचाली मोजून काढली. १८९९ च्या सुमारास बेथलेहेम स्टील कंपनीत कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाघिणीत भरायचं काम होतं. एक लादी साधारण ४२ किलोची. माणशी रोज साडेबारा टन भरले जायचे. टेलर म्हणतो त्याने ते साडेसत्तेचाळीस टनांवर नेले. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली.

आता कॅल्क्युलेटर घे. काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. मधला फरक कुठे गेला, हा प्रश्न पुस्तकात नसतो. तू वहीच्या कडेला लिहून ठेव. आणखी एक गंमत बघ. १९११ च्या पुस्तकात टेलर या मजुराला ‘श्मिट’ असं खोटं नाव देतो आणि असलं काम करणारा माणूस बुद्धीने बैलासारखाच असावा लागतो असं बिनदिक्कत लिहितो. त्याच पुस्तकात तो हेही सांगून जातो की या माणसाने जमिनीचा तुकडा घेतला होता आणि कामाच्या आधी नि कामानंतर तो स्वतःच्या घराच्या भिंती उभारत होता. म्हणजे दिवसभर लोखंड उचलून वर स्वतःचं घर बांधणारा माणूस टेलरला मठ्ठ वाटला! पुढे संशोधकांनी जुनी कागदपत्रं काढली तेव्हा ही सगळी कहाणीच बरीच सजवलेली निघाली. गाईडमध्ये यातलं काही येत नाही. ‘वैज्ञानिक व्यवस्थापनाचे जनक’ एवढी ओळ येते.

पण टेलरला लगेच खलनायकही करू नकोस. त्याची अडचण खरी होती, आणि ती आपल्या शेतात आजही आहे. कापूस वेचणीचे पैसे किलोवर देतात आणि निंदणीला रोज देतात. का, कधी विचार केलास? वेचलेला कापूस काट्यावर टाकला की कुणी किती वेचला ते दिसतं. निंदणी तशी मोजता येत नाही. तिथे सरीवर पैसे ठरवले तर बाया सरसर पुढे जातील आणि गवताची मुळं मागे राहतील. दहा दिवसांनी शेत पुन्हा हिरवं. वेचणीतही किलोवर पैसे दिले की कवडी कापूस आणि पालापाचोळा येतोच, म्हणून तर बांधावर कुणीतरी बघायला उभं असतं. कामाचं माप घेता येतं का, माप घेतलं की कामाचा दर्जा बिघडतो का, आणि लक्ष ठेवायला किती खर्च येतो, या तीन गोष्टींवर मजुरीची पद्धत ठरते. मोठमोठ्या विद्यापीठांत यावर जाड ग्रंथ आहेत. आपल्याकडच्या शेतकरणीला ते आधीपासून माहीत आहे, फक्त परीक्षेत तिला कुणी विचारत नाही.

सालदारांचंही सांगते, कारण शहाद्यात राहून मॅनेजमेंट शिकायचं आणि हे वाचायचंच नाही, हे बरं नव्हे. वर्षभरासाठी बांधलेला गडी म्हणजे सालदार. त्याला तास नाहीत, कामाची यादी नाही, सुट्टी मालकाच्या मर्जीवर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला याच तालुक्यात भिल्ल मजुरांनी मजुरी आणि गेलेल्या जमिनी मागितल्या. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, त्यांच्या पुढाकाराने माणसं उभी राहिली आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना निघाली. बाया तर पुढे होत्याच. दारूचे गुत्ते त्यांनी फोडले. महाराष्ट्राच्या चळवळींच्या इतिहासात शहाद्याचं नाव आहे ते यासाठी. तुझ्या पुस्तकात ‘औद्योगिक संबंध’ नावाचा धडा येईल, त्यात मालक आणि कामगार संघटना यांच्यातल्या वाटाघाटींचे टप्पे असतील. तो वाचशील तेव्हा एकदा त्या काळाबद्दल घरातल्या किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार. एकाच घटनेचं मळ्याच्या मालकाकडचं वर्णन आणि सालदाराच्या घरचं वर्णन ऐक. दोन्ही ऐकल्यावर त्या धड्यातले टप्पे तुला फार गुळगुळीत वाटतील.

मेयो आणि हॉथॉर्नचे प्रयोग सगळ्यांच्या आवडीचे, कारण त्यात माणुसकी आहे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रयोग चालले. आधी दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून पाहिला, मग १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या मुलींचा एक छोटा गट वेगळ्या खोलीत बसवला. विश्रांती दिली, खाणं दिलं, तास बदलले; उत्पादन वाढत गेलं. मेयोच्या नावावर सांगतात तो निष्कर्ष असा की आपल्याकडे कुणी लक्ष देतंय या जाणिवेनेच माणूस जास्त काम करतो. वाचायला छान वाटतं. पण त्या गटातल्या दोन मुलींना कामात फार बडबड करतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून मधेच काढलं आणि दुसऱ्या दोघी आणल्या, हे गाईडमध्ये असतं का? शिवाय त्या छोट्या गटाला मजुरी त्या गटाच्याच कामावर मिळू लागली होती. मग उत्पादन लक्ष दिल्याने वाढलं, पैशाने वाढलं की बडबड्या मुली गेल्याने? यावर अजून वाद घालतात. पेपरात हा वाद दोन ओळींत जरी लिहिलास तरी तपासणारे सर क्षणभर थांबतील.

(मॅस्लोचा गरजांचा पिरॅमिड काढायला सांगतील, काढ. १९४३ च्या मूळ लेखात मात्र त्याने कुठलाही त्रिकोण काढलेला नाही. तो नंतरच्या लोकांनी त्याच्या गळ्यात घातला. मॅस्लोवर मी याहून जास्त बोलत नाही. हर्झबर्ग आणि मॅक्ग्रेगर तू स्वतःच वाच, त्यांना ताईची गरज नाही.)

फेयॉलवर मात्र माझा जीव आहे. आँरी फेयॉल फ्रान्समधला खाण इंजिनिअर. १८६० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एका खाण कंपनीत लागला. १८८८ मध्ये कंपनी बुडायला आली तेव्हा ती याच्या हाती दिली, आणि याने ती तारली. १९१६ मध्ये त्याने आपलं म्हणणं छापलं. त्याची तक्रार साधी होती: इंजिनिअरला गणित शिकवता, खाणकाम शिकवता, पण हाताखालच्या हजार माणसांचं काय करायचं हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. ते शिकवता येतं, आणि शिकवायलाच हवं. आज तू जो पेपर देतेस त्याच्या मुळाशी हा हट्ट आहे.

त्याची तत्त्वं पाठ करण्याऐवजी ती साखर कारखान्यात घेऊन जा. आपल्याकडे पुरुषोत्तमनगरचा सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. ऊस घरात नसला तरी ऊसवाल्यांचं बोलणं तू लहानपणापासून ऐकलंयस. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं आणि उतारा पडतो, म्हणून तो शक्य तेवढ्या लवकर गाळायचा असतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, प्रत्येकाची लागणीची नोंद वेगळी, त्यावरून तोडीचा कार्यक्रम ठरतो. तोडणीच्या टोळ्या, मुकादम, ट्रॅक्टर, बैलगाड्या, वजनकाटा, गव्हाण: यातलं एक अडलं की मागचं सगळं खोळंबतं. आता समज, रात्री दोनला मिल बंद पडली. तोड थांबवायला हवी, नाहीतर सकाळी शेकडो टन ऊस फडात तुटून पडेल. हुकमाची साखळी काटेकोर पाळली तर निरोप मिलमधून चीफ इंजिनिअरकडे, तिथून कार्यकारी संचालकांकडे, मग मुख्य शेतकी अधिकाऱ्याकडे, मग गटातल्या माणसाकडे, शेवटी मुकादमाकडे. तोवर उजाडलं. फेयॉलला हे कळत होतं. म्हणून त्याने साखळीबरोबरच एक आडवी फळीही सांगून ठेवली. दोन खात्यांतली बरोबरीची माणसं वरिष्ठांच्या संमतीने थेट बोलू शकतात, फक्त काय ठरलं ते वर कळवायचं. मुलं साखळी पाठ करतात आणि फळी ऑप्शनला टाकतात. मी आज नाशकात एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. माझी निम्मी नोकरी त्या फळीवर चालते.

साखर कारखान्यात फेयॉलची एक पंचाईतही होते, ती बघ. तो म्हणतो माणसाला एकच वरिष्ठ हवा. सहकारी कारखान्यात कार्यकारी संचालकांच्या वर निवडून आलेलं संचालक मंडळ, आणि मंडळाच्या वर सभासद. तो सभासदच ऊस पुरवणारा. पुरवठादार म्हणून त्याला उसाला जास्तीत जास्त भाव हवा. मालक म्हणून कारखान्यात चार पैसे शिल्लक पडायला हवेत. एकाच माणसाच्या दोन मागण्या. त्यात १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस नेल्यापासून चौदा दिवसांत किमान भावाचे पैसे द्यायचे, आणि साखर विकायची वर्षभर थोडी थोडी. मधल्या काळात पैसा कुठून आणायचा? ‘खेळतं भांडवल’ हा धडा एकदा या प्रश्नासकट वाच, मग विसरून दाखव. फेयॉलच्या कंपनीत पुरवठादारच मालक नव्हते, म्हणून त्याच्या चौदात याचं उत्तर सापडत नाही. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणीला, प्रवरानगरला हे गणित मांडलं. १९५० मध्ये तिथला कारखाना सुरू झाला. पुण्यात १९६७ मध्ये सहकाराच्या व्यवस्थापनासाठी वैकुंठ मेहता संस्था निघाली. म्हणजे हा विषय आपल्या राज्यात वेगळा शिकण्याइतका मोठा आहे, आणि तो तुझ्या वर्गात एका टिपेवर उरकतात.

आणि तू लोणखेड्याच्या ज्या आवारातून रोज जातेस, पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या, तिथल्या कॉलेजचं पूर्ण नाव एकदा नीट वाच. आर्ट्सला माणसाचं नाव, सायन्सला माणसाचं नाव, आणि कॉमर्सला शहादा तालुका खरेदी-विक्री संघाचं. शेतकऱ्यांना बियाणं-खत विकणाऱ्या, त्यांचा शेतमाल घेणाऱ्या संघाचं नाव कॉमर्स कॉलेजला! पी. के. अण्णा पाटलांनी मंडळ उभं केलं तेव्हा सहकार आणि शिक्षण या गोष्टी वेगळ्या खात्यांत टाकल्या नव्हत्या. मला हे फार उशिरा सुचलं. तुला पहिल्या वर्षी सांगून ठेवते.

आता माझी सगळ्यात लाडकी बाई. मेरी पार्कर फॉलेट. अमेरिकन, १८६८ चा जन्म. ती कारखान्यातली नव्हतीच. बॉस्टनच्या वस्त्यांत लोकांच्या सभा, रात्रशाळा, कामाची केंद्रं चालवता चालवता तिला कळलं की माणसं भांडतात तेव्हा तीनच गोष्टी होतात. एक जिंकतो आणि दुसरा हरतो. किंवा दोघं थोडं थोडं सोडतात. किंवा दोघांना मुळात काय हवंय ते शोधून तिसरीच वाट निघते. तिचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटला बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली, हिच्या अंगावर वारा आला नाही. त्याला ‘ही’च खिडकी उघडी हवी होती असं नाही, हवा हवी होती.

हे पपईला लावून बघ. हंगामात व्यापारी आणि शेतकरी शहाद्याच्या बाजार समितीत दरासाठी बसतात हे तू पेपरात वाचतेस. पटलं नाही की तोड थांबते. शेतकरी एक आकडा म्हणतो, व्यापारी दुसरा, आणि मधला आकडा धरून सगळे घरी जातात. फॉलेट म्हणेल, ही तर फक्त तडजोड. दोघंही कुरकुरतच गेले. मग हवंय काय कुणाला? व्यापाऱ्याची भीती वाटेतल्या नासाडीची. माल ट्रकने उत्तरेकडे जातो, दिवस लागतात, तिकडे थंडी वाढली की मागणी पडते, फळ जास्त पिकलेलं निघालं की फेकावं लागतं. शेतकऱ्याची भीती वेगळी: फळ झाडावर थांबत नाही. आज तोड झाली नाही तर परवा तेच फळ जास्त पिकलेलं म्हणून नाकारलं जाणार. म्हणजे दोघांचीही धास्ती एकाच गोष्टीची, दिवसांची. मग बोलणं फक्त किलोच्या दरावर का अडकतं? तोडीचा दिवस आधी ठरवायचा, फळ कुठल्या रंगावर तोडायचं ते ठरवायचं, आणि ठरल्या दिवशी गाडी आली नाही तर नुकसान कुणाचं ते लिहून घ्यायचं, असं बोलणं करता येईल. मी हे कागदावर म्हणतेय. बैठकीत बसलेल्यांना यातल्या दहा अडचणी दिसतील, आणि त्या खऱ्या असतील. पण फॉलेट वाचल्यावर त्या बैठकीची बातमी तुला वेगळी दिसेल एवढं नक्की.

फॉलेट १९३३ मध्ये गेली आणि नंतर बराच काळ अमेरिकेतही तिला विसरले. लिलियन गिलब्रेथचं ऐक: १९१४ मध्ये व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावर तिचं पुस्तक आलं, त्यावर नाव छापलं एल. एम. गिलब्रेथ. लेखिका बाई आहे हे कळायला नको! अभ्यासक्रमात सगळे बाप्येच का दिसतात, याचं थोडं उत्तर इथेही आहे. तू उत्तरपत्रिकेत या दोघींची नावं घाल. कुणी मार्क कापणार नाही.

एक गोष्ट कुठल्याच प्रश्नपत्रिकेत येणार नाही, तरी सांगते. खान्देशातली फड पद्धत. धुळे-साक्रीकडे पांझरेवर आणि आसपासच्या नद्यांवर छोटे बंधारे, त्यांचे पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. साधारण चार फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं: एकात ऊस, दुसऱ्यात कमी पाण्याचं, आणि दरवर्षी फेरपालट. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवायचं ठरलं तर झळ सगळ्यांनाच लागायची. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि भांडण मिटवायला पंच. शेकडो वर्षं हे चाललं. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये सरकारी नोकरीत आले तेव्हा सुरुवातीच्या काळात धुळ्याकडे काम करत होते. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पिकांच्या फेरपालटीची ब्लॉक पद्धत आणली, तिचं फडाशी साम्य जाणकारांनी दाखवलंय. आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंनी १९९० मध्ये पुस्तक लिहून दाखवलं की सगळ्यांच्या मालकीचं पाणी, कुरण, जंगल ना मालक लागता, ना सरकार लागता, लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात. त्यांनी स्पेन, फिलिपाइन्स, जपान, स्वित्झर्लंडची उदाहरणं घेतली. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, या विषयात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांचे नियम आणि फडाचे नियम शेजारी शेजारी मांडून बघ. प्रोजेक्टला याहून चांगला विषय मला सुचत नाही.

प्रोजेक्टवरूनच. नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. बहुतेक जण झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट आणतात, पहिलं पान बदलतात. नाहीतर मुंबईचे डबेवाले घेतात. डबेवाल्यांबद्दल मला आदर आहे, पण लोणखेड्याच्या मुलीने इंटरनेटवरून डबेवाल्यांवर चाळीस पानं लिहायची म्हणजे कमाल झाली. तू सारंगखेड्याच्या यात्रेचं कर. दत्त जयंतीला घोड्यांचा एवढा बाजार भरतो. जागा कोण वाटतं, पाण्याचं, चाऱ्याचं काय, सौदा फिसकटला तर कुणाकडे जातात? नाहीतर उंटावदच्या सूतगिरणीचं कर. कॉलेजचं पत्र घेऊन जा, पहिल्या खेपेला ‘नंतर या’ म्हणतील, दुसऱ्यांदा जा. मोठ्या साहेबापेक्षा काट्यावरच्या माणसाशी आधी बोल, त्याला सगळं माहीत असतं आणि त्याला कुणी विचारत नाही.

इंग्रजीची भीती वाटते म्हणालीस. टेलरचं १९११ चं पुस्तक इंटरनेटवर फुकट आहे आणि इंग्रजी सोपं आहे. रोज दोन पानं वाच, श्मिटच्या गोष्टीपासून सुरू कर. मुलाखतीत बाकीचे व्याख्या म्हणतील, तू निंदणी आणि वेचणीचा हिशोब सांग, मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांग. समोरचा पुढे सरसावतो, हे मी त्या टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय.

पुढच्या प्रवेशाचं मात्र कागदावर लिहून ठेव. तुझ्या धाकट्या भावाला बीबीए करायचं असेल तर २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस एआयसीटीईखाली आले आणि राज्याची वेगळी सीईटी लागली. म्हणून काही कॉलेजांनी त्याच धाटणीचे अभ्यासक्रम बी.कॉम. ऑनर्ससारख्या नावांनी काढले; नाव बघून भुलू नका, कुठली मान्यता आहे ते विचारा. तुला एमबीए करायचं तर राज्याची एमबीए सीईटी आणि मग केंद्रीय प्रवेशाची कॅप फेरी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून मॅनेजमेंटला गेलीस तर माफी नाही. तुझ्या त्या मोलगीकडच्या मैत्रिणीला सांग, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा आहे, आणि वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वयंम योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. तिला वाटतं हे सगळं पुण्याच्या मुलींसाठी असतं.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि डोमिसाइल एप्रिलमध्येच काढायला टाक. जूनमध्ये तहसीलला आणि सेतूत अख्खा तालुका उभा असतो, सर्व्हर बंद पडतो, आणि कॅपची तारीख कुणासाठी थांबत नाही. काकांना म्हण, तलाठ्याकडे या आठवड्यात जाऊन या. पुढच्या वेळी फोन केलास की आधी हेच विचारणार आहे, टेलर-फेयॉल नंतर.